कल्पना कुठे अडते? सामाजिक संस्थेत नवं करून बघण्याची एक वाट

एका संस्थेच्या कार्यालयात दाराशेजारी सूचनापेटी लटकत होती. पत्र्याची, हिरवी, छोटं कुलूप लावलेली. मी तिथे तीन दिवसांसाठी गेले होते. मधल्या सुट्टीत सहज विचारलं, ही शेवटची कधी उघडली होती? कोणालाच आठवेना. किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अहो, ते कुलूप नुसतं ओढलं तरी निघतंय." आत सात चिठ्ठ्या निघाल्या. तीन पंख्याबद्दल, दोन रजेबद्दल, एक कोरी. सातवी अशी होती: "दुपारी २ ला बायका घरी नसतात, कामावर असतात. आपण २ लाच का जातो?" खाली तारीख दीड वर्षापूर्वीची.

मला तिथे बोलावलं होतं ते 'गृहभेटींना प्रतिसाद का मिळत नाही' हे शोधून काढायला.

तेव्हापासून कुठलीही संस्था "आमच्या लोकांना नवं सुचतच नाही" म्हणाली की मी आधी पेटीची चौकशी करते. सुचतं. सगळीकडे सुचतं. सुचलेलं ज्या माणसाला सुचलं त्याच्यापासून निर्णय घेणाऱ्यापर्यंत, आणि तिथून प्रत्यक्ष प्रयोगापर्यंत पोचायला वाटच नसते. ही वाट बांधण्याचं काम कसं करायचं, ते पुढे क्रमाने सांगते. सगळ्या पायऱ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत. दुसरी आणि पाचवी नीट जमली तर बाकीचं थोडंफार चुकलं तरी चालून जातं.

संस्थेची गोष्ट दुकानापेक्षा वेगळी का

हे आधी समजून घेतलं नाही तर उद्योगजगतातले सल्ले जसेच्या तसे उचलले जातात आणि फसतात. दुकानात माल वाईट असेल तर गिऱ्हाईक येणं बंद होतं. दुकानदाराला महिनाभरात कळतं. संस्थेत सेवा घेणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. सेवा वाईट असली तरी घेणारा तक्रार करत नाही, कारण फुकट मिळणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं कसं? आणि देणाऱ्याला दिसतो तो अहवाल. अहवाल चांगला असेपर्यंत काही बिघडलंय हे कोणाच्या कानावर येतच नाही.

दुसरी अडचण भीतीची. पैसा दुसऱ्याचा आहे, वाया गेला तर काय उत्तर द्यायचं? ही भीती खोटी नाही, तिची टिंगल करू नये. पण तिच्यामुळे संस्था दरवर्षी तेच काम थोडं जास्त संख्येने करत राहतात. ते चाललं नाही तर तोही पैसा वायाच जातो, फक्त त्याचा जाब कोणी विचारत नाही.

म्हणून बाजार जे काम आपोआप करतो ते संस्थेला मुद्दाम, ठरवून करावं लागतं: खरी बातमी वर आणणं आणि छोट्या खर्चात चूक करून बघणं.

पहिली पायरी: प्रश्न बारीक करा

'यंदा नावीन्यावर भर द्यायचा' असा ठराव विश्वस्तांच्या बैठकीत झाला की समजावं, यंदा काही होणार नाही. 'समाजाचा सहभाग वाढवणे' हाही प्रश्न नव्हे, तो प्रस्तावातला मथळा आहे. प्रश्न असा हवा की त्यात माणूस, जागा आणि वेळ दिसेल. "पहिल्या शिबिराला आलेल्या ४० पैकी दुसऱ्याला १५ च का येतात?" हा प्रश्न झाला. "सातवीतल्या मुली जून ते ऑगस्टमध्ये वर्गातून का गळतात आणि तेव्हाच का?" हाही झाला.

एक सोपी कसोटी सांगते. प्रश्न फिल्डवरच्या सगळ्यात नव्या कार्यकर्त्याला वाचून दाखवा. तो लगेच "अहो, ते तर..." म्हणून बोलायला लागला तर प्रश्न नेमका आहे. त्याने मान डोलावून वहीत उतरवून घेतला तर अजून ढोबळ आहे.

प्रश्नात उत्तर लपलेलं नाही ना, हेही बघा. "लोकांना ॲप वापरायला कसं शिकवायचं?" या प्रश्नाने ॲप हवंच, हे आधीच ठरवून टाकलंय. मागे जा: ॲपने नेमकं कोणाचं काय सोपं होणार होतं? बऱ्याचदा उत्तर येतं, कार्यालयाचं.

दुसरी पायरी: मॅन्युअलबाहेर कोण काय करतंय ते शोधा

सल्लागार, कार्यशाळा, स्पर्धा या सगळ्याआधी हे करा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर कोणीतरी आजच, गुपचूप, स्वतःपुरतं काढलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण व्हिएतनामचं. १९९० च्या अखेरीस जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य मुलांसाठी काम करणाऱ्या 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेच्या कामासाठी तिथे गेलं. लहान मुलांचं कुपोषण कमी करून दाखवायचं होतं, आणि सरकारने त्यांना मुदत दिली सहा महिन्यांची. एवढ्या वेळात ना गरिबी हटणार होती, ना पाणीपुरवठा सुधारणार होता. त्यांनी थान्ह होआ प्रांतातल्या चार गावांत स्थानिक स्वयंसेवकांकडून मुलांची वजनं करून घेतली आणि एक वेगळाच प्रश्न विचारला: अगदी गरीब घरातलं, तरीही नीट वाढलेलं मूल आहे का? निघाली अशी मुलं. मग त्या घरांत काय चालतं ते बघितलं. त्या आया भातखाचरांतली बारीक कोळंबी नि खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या. या गोष्टी सगळ्यांना फुकट मिळण्यासारख्या होत्या, पण लहान मुलांना देऊ नयेत असा समज होता. शिवाय त्या दिवसातून दोनदाच पोटभर देण्याऐवजी थोडं थोडं जास्त वेळा भरवत होत्या.

पुढचा भाग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. हे कळल्यावर त्यांनी भाषणं दिली नाहीत. बाकीच्या आयांनी रोज मूठभर कोळंबी, खेकडे किंवा पाला घेऊन यायचं आणि एकत्र स्वयंपाक करून मुलांना भरवायचं, असं सुमारे दोन आठवडे चाललं. शिकवण्याऐवजी करून घेतलं. या पद्धतीला पुढे 'पॉझिटिव्ह डेव्हिअन्स' असं नाव रूढ झालं. आपण तिला 'वेगळं वागून तरलेल्यांचा शोध' म्हणू.

तुमच्या संस्थेत हे कसं करायचं? आकडे काढा. एकाच कामाचे, वेगवेगळ्या कार्यकर्त्यांचे किंवा केंद्रांचे. दोन-तीन नावं बाकीच्यांपेक्षा ठळक पुढे दिसतील. त्यांच्याकडे जा, त्यांना कार्यालयात बोलावू नका. अख्खा दिवस त्यांच्यामागे फिरा आणि तोंड शक्यतो बंद ठेवा. "तुमच्या यशाचं रहस्य काय?" असं विचारलंत तर ते मॅन्युअलच म्हणून दाखवतील, कारण नियमाबाहेर काहीतरी करतोय ही धाकधूक त्यांच्या मनात असते. तुम्हाला ते बघावं लागतं.

एका कार्यकर्तीच्या नोंदवहीत मला समासात पेन्सिलने काढलेली चिन्हं दिसली. काही नावांपुढे टिंब, काहींपुढे छोटं घर, एका नावापुढे दोन आडव्या रेघा. विचारल्यावर तिने वही मिटलीच. "ते माझं माझं आहे, मॅडम." बऱ्याच वेळाने उलगडलं: टिंब म्हणजे सासूशी आधी बोलायचं. घर म्हणजे घरात जाऊन बसायचं, दारातून बोलायचं नाही. दोन रेघा म्हणजे नवरा घरी असेल तर परत फिरायचं. संस्थेच्या छापील फॉर्मात २६ रकाने होते आणि या तीन गोष्टींना त्यांत जागा नव्हती. तिचं काम सगळ्यांपेक्षा चांगलं का होतं, याचं उत्तर त्या समासात होतं.

जाताना एक खात्री द्या आणि ती पाळा: जे सापडेल त्यासाठी कोणाला नोटीस जाणार नाही. एकदा जरी कोणाला "हे कोणाला विचारून केलंत?" असं ऐकावं लागलं, तर पुढची पाच वर्षं पेन्सिलीच्या खुणा खोडल्या जातील.

तिसरी पायरी: बैठकीत आधी लिहा, मग बोला

'ब्रेनस्टॉर्मिंग' हा शब्द जाहिरात क्षेत्रातल्या ॲलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकन माणसाने लोकप्रिय केला. नियम आपल्या ओळखीचे आहेत: टीका नको, भरपूर कल्पना हव्यात, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. ऐकायला छान. पण १९५८ मध्येच येल विद्यापीठातल्या संशोधकांनी चारजणांचे गट एकत्र बसवून बघितले आणि चारजणांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. वेगवेगळ्या बसलेल्यांच्या कल्पना जास्त निघाल्या. पुढच्या अभ्यासांत एक साधं कारण ठळकपणे समोर आलं: एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता सुचलेलं विरून जातं.

संस्थेत याला आणखी एक पदर असतो, तो म्हणजे मोठ्यांसमोर कसं बोलायचं. संस्थापक ताई किंवा दादा समोर बसलेले असतात, त्यांनी आयुष्य घातलेलं असतं या कामात. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत "मला वाटतं..." म्हटलं की बैठक संपली. उरलेला तास सगळे त्याच वाक्याला फुलं वाहतात.

म्हणून लिहून करा. जर्मनीत १९६८ मध्ये बेर्न्ड रोरबाख यांनी मांडलेली ६-३-५ पद्धत संस्थांच्या बैठकीला चांगली लागू पडते. सहाजण, प्रत्येकाने कागदावर तीन कल्पना, वेळ पाच मिनिटं. मग कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. शेजारी आधीचं वाचून त्यात भर घालतो किंवा नवं लिहितो. सहा फेऱ्यांत, अर्ध्या तासात, कागदावर १०८ नोंदी होतात. त्यातल्या निम्म्या टाकाऊ असतील. असू देत. कोणाची कोणती हे तिसऱ्या फेरीनंतर कोणालाच आठवत नाही, आणि या पद्धतीचा खरा फायदा मला तोच वाटतो. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांच्यासोबत जोडीने बसा, एकाने सांगायचं नि दुसऱ्याने लिहायचं, किंवा चित्र काढू द्या. नावं टाकू नका.

मग बोलायची पाळी. क्रम उलटा: सगळ्यात नवा आधी, प्रमुख सगळ्यात शेवटी. प्रमुखांसाठी एवढंच पथ्य आहे, पण ते पाळणं महाकठीण. मी काहीजणांना हातात वही देऊन सांगते, बोलावंसं वाटलं की लिहा. एका संचालकांनी तासाभरात ११ पानं भरली.

आणि तीन वाक्यांवर बंदी घाला. "हे आपण आधी करून बघितलंय", "देणगीदार मान्य करणार नाहीत", "आपल्या लोकांना हे जमणार नाही". तिन्ही कधीकधी खरी असतात. ती दुसऱ्या दिवशी म्हणा.

भीतीचा विषय निघालाच आहे तर एक निरीक्षण सांगायलाच हवं. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधिका रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास करत होत्या. चांगल्या चमूंच्या औषधांच्या चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगल्या चमूंच्या नावावर चुका जास्त. खोलात गेल्यावर उमगलं की त्या चमूंमध्ये चुका जास्त होत नव्हत्या, त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. तेव्हा ज्या केंद्राचा मासिक अहवाल स्वच्छ, अडचणींचा रकाना कायम 'निरंक', तिथे पहिला दौरा काढा.

चौथी पायरी: निवड, एका तासात

यावर फार वेळ घालवू नका. गुणांकनाचे तक्ते, समित्या, सादरीकरणं यांनी उत्साह मरतो. प्रत्येक कल्पनेला दोनच प्रश्न: महिनाभरात, आपल्याकडे आहेत तेवढ्या माणसांत करून बघता येईल का? आणि फसली तर ज्यांच्यासाठी काम करतो त्यांचं काही नुकसान होईल का? पहिल्याला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' असेल त्यातल्या दोन उचला. तीन नकोत. मोठ्या, खर्चिक कल्पना फेकू नका, पण त्यांचा महिनाभरात करता येईल असा एक तुकडा कोणता ते शोधा. तुकडा सापडत नसेल तर कल्पनेवरच शंका घ्या.

पाचवी पायरी: एका पानाचा प्रयोग

बहुतेक संस्था इथेच घसरतात, आणि दोन्ही बाजूंनी. काही जण कायम चर्चाच करतात. काही जण थेट अख्ख्या कार्यक्रमात बदल करून मोकळे होतात.

दुसऱ्या चुकीची किंमत किती असते याचं जगजाहीर उदाहरण म्हणजे 'प्लेपंप'. मुलांच्या खेळायच्या चक्रीला पंप जोडायचा, मुलं फिरणार आणि पाणी टाकीत चढणार. मूळ कल्पना दक्षिण आफ्रिकेतली, आणि इतकी गोंडस की कोणालाही भुरळ पडावी. २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर्सच्या मदतीची घोषणा झाली आणि २०१० पर्यंत आफ्रिकेत ४,००० पंप बसवायचं ठरलं. प्रत्यक्षात काय झालं? पंप साध्या हातपंपाच्या कितीतरी पट महाग होता, बिघडला तर गावात दुरुस्त होत नव्हता, आणि मुलं सतत खेळत नाहीत! चक्री ढकलायची वेळ बायकांवर आली. ठरलेल्या लोकसंख्येला पुरेल एवढं पाणी काढायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल, असा हिशेब 'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रात छापून आला होता. शेवटी हे पंप बसवणाऱ्या संस्थेने हा कार्यक्रम दुसऱ्या संस्थेकडे सोपवला. एका गावात महिनाभर सकाळ-संध्याकाळ नुसतं बसून बघितलं असतं तरी यातलं बरंचसं कळलं असतं.

याच्या बरोबर उलट बांगलादेशातल्या 'ब्रॅक' या सामाजिक संस्थेचं. जुलाबाने मुलं मरत होती. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असं मिश्रण घरोघरी आयांना शिकवायचं होतं. १९७९ मध्ये एका भागात सुरुवात केली. कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरं केली यावर ठेवला नाही. काही आठवड्यांनी तपासनीस जाऊन बघायचा की आयांना किती मुद्दे आठवतात, किती जणींना मिश्रण बरोबर करता येतं, त्यावर पैसे. आयांना आठवायला लागलं. पण वापर फारच कमी निघाला. कारण शोधताना दोन गोष्टी हाती लागल्या. एक, स्वतः कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर भरवसा नव्हता. आपल्याला जुलाब झाले की त्या दुसरं औषध घेत. दोन, घरातल्या पुरुषांना कोणी विचारलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना ढाक्याला नेऊन हे पाणी शरीरात काय करतं ते दाखवलं, त्या लोकांसमोर स्वतः ते पिऊ लागल्या, आणि पुरुषांशी बाजारात नि मशिदीत जाऊन बोलणं सुरू झालं. त्यानंतर दहा वर्षांत हे काम १ कोटी २० लाखांहून जास्त घरांत पोचलं. पहिल्या भागातला तो नामुष्कीचा आकडा लपवला असता तर काय पसरलं असतं याचा विचार करा.

तर, प्रयोग सुरू करण्याआधी एक पान लिहा. एकच, दोन्ही बाजूंनी नाही. त्या दोन वाजताच्या चिठ्ठीवरून आम्ही लिहिलेलं पान साधारण असं होतं:

काय करून बघतोय: दोन वस्त्यांत गृहभेटी दुपारी २ ऐवजी संध्याकाळी ६ ला.
का: बायका दिवसा कामावर असतात असं वाटतं.
किती दिवस: चार आठवडे.
काय मोजणार: ठोठावलेल्या १० दारांपैकी किती ठिकाणी भेट झाली. रोज, वहीत, रेघा मारून.
कधी 'जमलं' म्हणणार: १० पैकी ६ किंवा जास्त.
कधी मध्येच थांबवणार: कार्यकर्तीला असुरक्षित वाटलं तर त्याच दिवशी.
आकड्यांत न येणारं काय दिसलं: (शेवटी भरायचं)

'कधी थांबवणार' ही ओळ आधी लिहिणं फार गरजेचं. नंतर आपण आपल्या कल्पनेच्या प्रेमात पडलेले असतो.

हे पान लिहून झालं की पंधरा मिनिटं आणखी घ्या. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची एक युक्ती आहे: चार आठवडे उलटलेत आणि प्रयोग पार फसलाय असं धरून चाला, आणि का फसला असेल ते प्रत्येकाने लिहा. "काही अडचण येईल का?" असं विचारलं तर सगळे "नाही, होईल की" म्हणतात. "फसलंच आहे, कारण सांगा" म्हटलं की तोंडं उघडतात. तोपर्यंत शंका घेणं म्हणजे मोडता घालणं वाटत असतं. आता तेच काम नेमून दिलेलं असतं.

आमच्या प्रयोगात भेटी १० पैकी ७ झाल्या. कागदावर यश. पण शेवटच्या ओळीत एकीने लिहिलं होतं: "भेट होते पण बोलणं होत नाही. चूल पेटलेली असते. तीन मिनिटांत उठावं लागतं. आणि परत येताना अंधार." मग या भेटी करणाऱ्या दोघी कार्यकर्त्यांनीच सुचवलं की सकाळी बायका कामाच्या गाडीची वाट बघत ज्या कोपऱ्यावर थांबतात तिथेच वीस मिनिटं बोलावं. पहिल्या कल्पनेपेक्षा ही कितीतरी सरस होती, आणि पहिली करून बघितल्याशिवाय ती सुचली नसती.

एक गोष्ट मात्र ठामपणे. ज्यांच्यावर प्रयोग होतोय ती माणसं तुमच्यावर अवलंबून आहेत, 'नको' म्हणणं त्यांना जड जातं. म्हणून त्यांना स्पष्ट सांगा की हे करून बघतोय, चार आठवड्यांनी बंदही होईल. चालू असलेली सेवा काढून घेऊन त्या जागी प्रयोग करू नका. औषधोपचार, मुलांची सुरक्षितता, कर्ज अशा विषयांत तर जाणकाराच्या संमतीशिवाय पाऊल टाकू नका.

सहावी पायरी: फसलेलं लिहून ठेवा, जुनं बंद करा

कॅनडातली 'इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था २००८ पासून आपल्या अपयशांचा वार्षिक अहवाल काढू लागली, छापून, देणगीदारांच्या हातात. सगळ्यांना हे धाडस झेपणार नाही. सुरुवात घरातून करा: तिमाही बैठकीत पहिली पंधरा मिनिटं 'काय फसलं' यासाठी, आणि पहिली कबुली प्रमुखांची. तीही खरी हवी. "मी कामात जरा जास्तच गुंततो" ही कबुली नव्हे. तीन ओळी पुरेत: काय समजून चाललो होतो, काय निघालं, पुढच्या वेळी काय वेगळं. माणसाचं नाव त्यात नको.

आणि दरवर्षी एक तरी गोष्ट बंद करा. कार्यकर्त्यांच्या अंगावर आधीच दहा रजिस्टरं असतात. त्यात अकरावं नवं काम घातलं तर ते मरणारच. मी विचारते, हा अहवाल गेल्या वर्षी वरच्या कोणी वाचून काही बदललं का? नसेल तर एका महिन्यासाठी पाठवणं थांबवा आणि कोण ओरडतं बघा. बहुतेक वेळा कोणीच नाही.

सातवी पायरी: वेळ, पैसा आणि श्रेय

वेळ द्यायचा तर वेळापत्रकात द्या. महिन्यातला अर्धा दिवस, तारीख ठरलेली, त्या दिवशी भेटींचं लक्ष्य तेवढं कमी केलेलं. लक्ष्य तसंच ठेवून 'जरा नवीन विचार करा' म्हणणं म्हणजे घरी जाऊन करा म्हणणं.

पैशाबद्दल देणगीदारांशी गुळमुळीत बोलू नका. बहुतेक निधी ठरलेल्या कामांना बांधलेला असतो, त्यातून परस्पर प्रयोगाला खर्च करू नये. हिशेबात अडकाल आणि विश्वासही जाईल. त्याऐवजी पुढच्या प्रस्तावातच एक छोटी रक्कम 'करून बघणे आणि शिकणे' अशा शीर्षकाखाली मागा आणि सोबत ते एक पान जोडा, थांबवण्याच्या ओळीसकट. माझा अनुभव असा की 'कधी थांबवणार' हे आधी लिहिलेलं पाहून देणारे बिचकत नाहीत, उलट निश्चिंत होतात. जे नाही म्हणतात त्यांच्याकडे मागू नका. बांधील नसलेल्या देणग्यांतून छोटे प्रयोग होतात. आमच्या त्या चार आठवड्यांना वेळापत्रक बदलण्यापलीकडे काही लागलं नव्हतं.

श्रेयाचं सगळे विसरतात. कार्यकर्तीची कल्पना समन्वयकाच्या तोंडून वर जाते, संचालकांच्या भाषणात येते आणि वार्षिक अहवालात 'संस्थेने विकसित केलेली पद्धत' होते. तिला हे एकदा दिसलं की दुसरी कल्पना ती स्वतःपाशी ठेवते. बक्षिसं नकोत, स्पर्धा तर नकोच. प्रयोगाच्या पानावर सुचवणाऱ्याचं नाव लिहा, तिची हरकत नसेल तर. निकाल आला की आधी तिला सांगा, नकार असेल तर कारणासकट, आणि पंधरा दिवसांच्या आत. आलेली प्रत्येक सूचना, ती कोणाकडे आहे आणि तिचं काय झालं, हे भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं लावा. पेटीपेक्षा भिंत बरी.

त्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. अक्षरावरून समन्वयकाने ओळखलं. ती कार्यकर्ती आठ महिन्यांपूर्वीच काम सोडून गेली होती. कोपऱ्यावरच्या गाठीभेटी सुरू झाल्यावर समन्वयकाने तिला फोन लावला, सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण पेटी उघडली कोणी?"